जुन्या ब्लूज तबकड्यांची परवानगी कुणाकडे मागायची?

प्रश्न:

नागपूरच्या एक वाचक आंबेडकरी जलसा आणि अमेरिकेतल्या मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज हे संगीत यांच्यावर माहितीपट करत आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं, तिथून त्यांचा चित्रपट सुरू होतो. त्यांना चार ध्वनिमुद्रणं वापरायची आहेत: बेसी स्मिथचं १९२५ सालचं ‘सेंट लुई ब्लूज’, मिसिसिपी जॉन हर्टचं १९२८ सालचं ‘फ्रँकी’, रॉबर्ट जॉन्सनचं १९३६ साली मुद्रित झालेलं ‘क्रॉस रोड ब्लूज’ आणि पार्चमन तुरुंगातल्या कैद्यांनी १९५९ साली गायलेलं ‘पो लॅझरस’.

संकलक मित्राचं म्हणणं असं, की गाणी जुनी आहेत, पारंपरिक आहेत, गाणारे केव्हाच गेले, यूट्यूबवरून उतरवून घे. दरम्यान युरोपात जुन्या तबकड्यांच्या सीडी काढणाऱ्या एका कंपनीने चारही गाण्यांचं ‘लायसन्स’ देऊ केलं आहे. रक्कम वाचकांच्या बचतीतून जेमतेम निघेल इतकी. त्या लिहितात: “पैसे भरले तरी ते त्या गायकांच्या घरी जाणार नाहीत. मग कुठल्या तरी कंपनीची तिजोरी मी का भरू? आणि नाही भरले, तर ज्यांच्यावर चित्रपट करतेय त्यांचंच मी लुबाडलं असं होईल का?” चित्रपट आधी महोत्सवांना पाठवायचा आहे, नंतर यूट्यूबवर टाकायचा आहे.

उत्तर:

आधी निकडीचं. त्या कंपनीचे पैसे अजून भरू नका, आणि यूट्यूबवरून घेतलेले आवाज संकलनात असतील तर ते फक्त जागा धरून ठेवण्यापुरते समजा. तुमच्या चार गाण्यांना चार वेगळी उत्तरं आहेत. एक गाणं तुम्ही आज, कुणालाही न विचारता वापरू शकता. एकासाठी न्यूयॉर्कला पत्र लिहावं लागेल. एकाची तबकडी थोड्या वर्षांत मोकळी होईल, तोवर दुसरी वाट आहे. आणि एक तुमच्या बजेटला झेपणार नाही, असं माझं मत आहे.

हे नीट कळायचं तर प्रत्येक गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता आहेत हे धरून चाला. पहिली म्हणजे गाणं: शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ती तबकडी: एका ठरावीक दिवशी, एका खोलीत, एका माणसाच्या गळ्यातून निघालेला आणि मेणावर उमटलेला आवाज. दोन्हींचे हक्क वेगळे, मालक बहुधा वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. चित्रासोबत गाणं वाजवायचं तर गाण्याच्या मालकाकडून सिंक परवानगी लागते. ती सहसा म्युझिक पब्लिशर देतो. तबकडीच्या मालकाकडून मास्टरची, म्हणजे मूळ मुद्रणाची, परवानगी लागते. ती सहसा रेकॉर्ड कंपनी देते. एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. म्हणून एक तक्ता करा आणि त्यात प्रत्येक गाण्यापुढे ‘गाणं’ आणि ‘तबकडी’ असे दोन रकाने ठेवा. तुमचे मित्र ‘पारंपरिक आहे’ म्हणतात तेव्हा ते गाण्याबद्दल बोलत असतात, आणि तुम्ही उचलणार असता ती तबकडी.

तबकड्यांबाबत अमेरिकेचा कायदा बरीच वर्षं गोंधळाचा होता. १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना तिथे केंद्रीय कॉपीराइट नव्हताच. प्रत्येक राज्याचे आपापले नियम होते आणि त्यामुळे अगदी १९०५ ची तबकडीसुद्धा निर्धास्तपणे मोकळी म्हणता येत नसे. २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्टने हा गुंता सोडवला. १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या सगळ्या तबकड्या १ जानेवारी २०२२ रोजी एकदम मोकळ्या झाल्या. १९२३ ते १९४६ या काळात प्रसिद्ध झालेल्यांना प्रसिद्धीपासून १०० वर्षं, १९४७ ते १९५६ मधल्यांना ११० वर्षं, आणि त्यानंतरच्या, १९७२ च्या त्या तारखेपर्यंतच्या सगळ्यांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण मिळालं. वर्षांत मोजलेली मुदत डिसेंबरअखेर संपते, म्हणून दर १ जानेवारीला एकेका वर्षाच्या तबकड्या मोकळ्या होत जातात.

आता तुमची यादी पाहा. बेसी स्मिथने ‘सेंट लुई ब्लूज’ जानेवारी १९२५ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी गायलं, सोबत लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट. गाणं डब्ल्यू. सी. हँडी यांचं, १९१४ साली छापील स्वरूपात प्रसिद्ध झालेलं, म्हणजे ते कधीच मोकळं झालं होतं. तबकडी १ जानेवारी २०२६ पासून मोकळी आहे. दोन्ही कुलपं उघडलेली असणारं तुमच्या यादीतलं हे एकमेव गाणं. ते घ्या. फक्त आवाज घेताना एखाद्या कंपनीने अलीकडे झाडूनपुसून काढलेली आवृत्ती घेऊ नका, जुन्या तबकडीवरून थेट उतरवलेली प्रत शोधा. काँग्रेस ग्रंथालयाचा नॅशनल ज्यूकबॉक्स आणि सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची अमेरिकी ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांची सूची, इथून शोध सुरू करा. या सूचीत मुद्रणाची तारीख, जागा, मॅट्रिक्स क्रमांक (कंपनीने त्या मुद्रणाला दिलेला क्रमांक) असा तपशीलही मिळतो. तो छापून फाइलमध्ये लावा. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा मोकळ्या तबकडीवरही दावा ठोकू शकते, कारण तिला फक्त आवाजाचं साम्य कळतं, कायद्याची तारीख कळत नाही. दावा आला तर घाबरून गाणं काढू नका. तारीख आणि कायदा लिहून हरकत नोंदवा.

‘फ्रँकी’ १९२८ साली मेम्फिसमध्ये ओके (Okeh) या रेकॉर्ड कंपनीसाठी मुद्रित झालं आणि त्याच वर्षी बाजारात आलं. तबकडीचा हक्क २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे. ‘क्रॉस रोड ब्लूज’ नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोच्या एका हॉटेलात मुद्रित झालं, पण तबकडी आली १९३७ साली. मोजायचं ते हेच वर्ष, म्हणून २०३७ ची अखेर. पार्चमनचं मुद्रण १९५९ चं, म्हणजे थेट २०६७. गाणं म्हणून ‘पो लॅझरस’ कुणाच्या आजोबाच्या आजोबांनी गायलेलं असेल, पण त्या कैद्यांच्या आवाजाचं मुद्रण तुमच्या चौघांत सर्वांत जास्त काळ बंद राहणार आहे. नुसतं ‘जुनं आहे’ या अंदाजावर चाललात तर नेमक्या इथे फसाल.

आता ‘पारंपरिक’ या शेऱ्याकडे येते, कारण मला वाटतं तुमच्या पत्रातली खरी गफलत तिथे आहे. ब्लूजमध्ये ओळी फिरत्या असत. एकाच्या गाण्यातलं कडवं दुसऱ्याच्या गाण्यात जाई, चाल उसनी घेतली जाई, आणि कुणाला त्यात गैर वाटत नसे. ‘फ्रँकी’ खरंच तसं आहे. १८९९ साली सेंट लुईमध्ये फ्रँकी बेकर नावाच्या तरुणीच्या हातून तिच्या प्रियकराचा खून झाला, त्यावरून रचली गेलेली ती लोकगाथा. तिची अनेक रूपं छापली, गायली गेली. तिच्या शब्द-चालीवर आज कुणाची मालकी नाही. मात्र नंतरच्या एखाद्या संगीतकाराने केलेली स्वतंत्र मांडणी त्याची असू शकते. म्हणून गाणं शिकायचं तर ते सर्वांत जुन्या स्रोतावरून शिकावं.

रॉबर्ट जॉन्सनचं तसं नाही. तो १९३८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. २९ गाणी मागे ठेवून गेला. पुढे ही गाणी इतक्यांनी गायली, की पुष्कळांना ती कुणाचीच नाहीत असं वाटू लागलं. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडने त्यातली दोन गायली आणि त्यावरून मोठा खटला उभा राहिला. मुद्दा असा होता, की जॉन्सनच्या तबकड्या १९३० च्या दशकात विकल्या गेल्या म्हणजे गाणी तेव्हाच ‘प्रसिद्ध’ झाली, त्या वेळच्या कायद्याप्रमाणे नोंदणीचे सोपस्कार झाले नव्हते, म्हणजे ती मोकळी झाली. १९९७ साली अमेरिकी संसदेने कायद्यात भर घातली: १९७८ पूर्वी तबकडी विकली गेली म्हणजे तिच्यातलं गाणं प्रसिद्ध झालं असं धरायचं नाही. २००० साली नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने त्याच आधारावर निकाल दिला, की जॉन्सनची ती गाणी मोकळी नाहीत. या निकालाचा तुमच्यासारख्यांना होणारा अर्थ फार मोठा आहे. हँडींचं गाणं कागदावर छापलं गेलं होतं, म्हणून त्याची मुदत मोजणं सोपं. पण मिसिसिपीतले बहुतेक गायक कागदावर कधीच आले नाहीत, ते फक्त तबकडीवर आले. त्यांच्या तबकडीची १०० वर्षं सरली तरी गाण्याचा हक्क वेगळा उरलेला असू शकतो. दोन रकाने वेगळे ठेवा असं मी जे म्हणते ते यासाठी.

तुमचा दुसरा समज, की पैसे घरच्यांपर्यंत पोहोचत नाहीत. हा समज कुठून आला ते मला कळतं. १९२० आणि ३० च्या दशकांत कृष्णवर्णीय गायकांना तबकडीच्या एका बाजूमागे ठरावीक रक्कम हातावर ठेवून वाटेला लावलं जाई आणि गाण्याचा हक्क कंपनीच्या किंवा मध्यस्थाच्या नावे लिहिला जाई. ब्लूज गायक आर्थर क्रुडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ १९५४ साली एल्व्हिस प्रेस्लीने गायलं आणि ते जगभर गेलं. क्रुडप आयुष्यभर हक्काच्या पैशासाठी झगडला आणि १९७४ साली तसाच गेला. तुमचा राग रास्त आहे. पण त्यावरून ‘म्हणून विचारायचंच नाही’ असा निष्कर्ष काढलात तर ज्या थोड्या घरांपर्यंत पैसे पोहोचतात तेही बंद होतील, आणि अशी घरं आहेत.

जॉन्सनचंच उदाहरण घ्या. १९९० साली त्याच्या सगळ्या मुद्रणांचा संच निघाला आणि दहा लाखांच्या वर खपला. वारस कोण, यावर मिसिसिपीच्या न्यायालयात वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी १९९८ साली क्लॉड जॉन्सन हा मुलगा एकमेव वारस ठरला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ते कायम केलं. क्लॉड आयुष्यभर खडी वाहणारा ट्रक चालवत होता. वडिलांच्या गाण्यांचा पैसा उतारवयात त्याच्या घरी आला. ब्लूज गायक फ्रेड मॅकडॉवेलच्या बाबतीत आरहूली रेकॉर्ड्सचे ख्रिस स्ट्रॅकविट्झ हटून बसले. ‘यू गॉट टू मूव्ह’ हे गाणं रोलिंग स्टोन्सने १९७१ साली गायलं, त्याची रॉयल्टी स्ट्रॅकविट्झ यांनी मॅकडॉवेलला मिळवून दिली. १९७२ साली तो वारला, म्हणजे अगदी वेळेवर. आणि ब्लूज गीतकार विली डिक्सन यांनी तर आपले हक्क परत मिळवण्यासाठी स्वतः कोर्टाची पायरी चढली आणि पुढे इतर ब्लूज कलावंतांना त्यांची गाणी राखायला मदत व्हावी म्हणून ब्लूज हेवन फाउंडेशन उभं केलं. शिकागोत ज्या इमारतीत चेस या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता, तिथेच आज ते आहे.

पण तुमच्यासाठी सर्वांत जवळची गोष्ट ‘पो लॅझरस’चीच. लोकगीतं मुद्रित करत फिरणारे ॲलन लोमॅक्स १९५९ साली पार्चमनला गेले तेव्हा जेम्स कार्टर आणि त्याचे सोबती कैदी लाकडं तोडत होते आणि कुऱ्हाडीच्या तालावर हे गाणं म्हणत होते. ते मुद्रण २००० साली ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाच्या सुरुवातीला वापरलं गेलं. चित्रपटाच्या गाण्यांची सीडी लाखांनी खपली आणि वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून तिला ग्रॅमी मिळालं. लोमॅक्सच्या संग्रहाचं काम पाहणाऱ्यांनी ठरवलं की हा कार्टर शोधायचा. तो शिकागोत सापडला, सत्तरी ओलांडलेला. ते गाणं आपण गायलो होतो हे त्याला आठवतही नव्हतं. २००२ साली त्याच्या हातात पहिला धनादेश पडला तो २०,००० डॉलरचा. पुढच्या वर्षी, २००३ साली तो वारला. हे मुद्रण आज न्यूयॉर्कच्या असोसिएशन फॉर कल्चरल इक्विटी या संस्थेकडे आहे. ती लोमॅक्स यांनीच १९८३ साली स्थापन केली. तुम्ही ज्याला ‘कुठली तरी कंपनी’ म्हणता, ती या गाण्यापुरती ही संस्था आहे. तिला लिहा.

पत्रात काय असावं? चित्रपट कशाबद्दल आहे हे चार ओळींत. जलसा आणि ‘गुलामगिरी’चा धागा अवश्य सांगा, तो वाचून तिथल्या माणसांना आनंद होईल. मग गाण्याचे किती सेकंद, कोणत्या दृश्यावर, आवाज पार्श्वभूमीला आहे की समोर. चित्रपट कुठे दाखवणार, किती काळ. एकूण बजेट किती, हे लाजू नका, खरा आकडा लिहा. आणि हे विचारायला विसरू नका, की मास्टरसोबत गाण्याच्या मांडणीवरही कुणाचा दावा आहे का, आणि शुल्कातला हिस्सा गायकांच्या वारसांना जातो का. हा शेवटचा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. उत्तर आलं की तुमच्या मनातली बोचणी निम्मी तरी कमी होईल.

छोट्या चित्रपटांनी आधी फक्त महोत्सवांपुरती परवानगी मागावी. ती पुष्कळ स्वस्त पडते. त्याच करारात नंतरच्या यूट्यूब किंवा ओटीटी प्रदर्शनाचा दर आत्ताच लिहून घ्यावा, म्हणजे चित्रपटाला बक्षीस मिळाल्यावर आकडा फुगत नाही. आणखी एक कलम ओळखून ठेवा. पब्लिशर आणि रेकॉर्ड कंपनी दोघंही सहसा ‘समोरच्याला जेवढं द्याल तेवढंच आम्हालाही’ अशी अट घालतात. म्हणून एकाशी घाईने मोठा आकडा कबूल केलात तर तो दुप्पट होतो. मोठ्या कंपन्या उत्तराला आठवडे, कधी महिने लावतात. तेव्हा गाण्याच्या ठोक्यावर दृश्य कापून शेवटचं संकलन पक्कं करणं, आणि मग परवानगी मागायला निघणं, हा क्रम उलटा करा.

आता ते युरोपातलं बिल. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाची मुदत २०११ पर्यंत ५० वर्षं होती. नंतर ती ७० झाली, पण आधीच मोकळ्या झालेल्या मुद्रणांना हक्क परत मिळाला नाही. म्हणून १९६३ पूर्वीच्या तबकड्या तिथे कुणीही छापून विकू शकतं, आणि अशा कंपन्यांनी ब्लूजवर मोठे उपकार केले आहेत; त्यांनी संच काढले नसते तर कित्येक गायकांचे आवाज आपल्यापर्यंत आले नसते. पण विकायची मुभा असणं वेगळं आणि मालक असणं वेगळं. ओके, कोलंबिया आणि जॉन्सनची तबकडी काढणारी व्होकॅलियन यांची ही मुद्रणं आज सोनीकडे आहेत. युरोपातली कंपनी तुम्हाला स्वच्छ केलेली फाइल देऊ शकते, माहितीपुस्तिका देऊ शकते, पण अमेरिकेत लागू पडेल अशी ‘फ्रँकी’ किंवा ‘क्रॉस रोड’ची परवानगी ती कुठून देणार? जमीन घेताना आपण सातबारा मागतो, तसा तिच्याकडे मागा: मास्टरचा हक्क तुमच्याकडे कसा आला, कोणत्या देशांसाठी आहे, आणि उद्या कुणी दावा केला तर नुकसान तुम्ही भरून द्याल असं करारात लिहून देता का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे राखून ठेवा. बेसीच्या गाण्यासाठी तर असं लायसन्स घेण्याचं कारणच नाही.

भारतात मात्र चित्र निराळं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं आणि गीत-संगीताचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे जॉन्सनचं गाणं आणि तबकडी दोन्ही इथे मोकळी आहेत. हर्टची तबकडीही मोकळी आहे. नागपुरात, कोल्हापुरात, वस्तीतल्या समाजमंदिरात पडदा लावून चित्रपट दाखवलात तर या दोघांच्या आवाजाबद्दल तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. अडचण येते ती चित्रपट देशाबाहेर पाठवताना. यूट्यूबवर एखादा देश वगळता येतो, पण ज्या लोकांच्या गाण्यावर चित्रपट आहे त्यांच्याच देशात तो दिसू नये, हे तुम्हाला पटेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. जॉन्सनला सोडा. गाण्याचा हक्क जिवंत, तबकडीचा हक्क सोनीसारख्या कंपनीकडे, आणि ब्लूजमधलं सर्वांत गाजलेलं नाव. तुमच्या बचतीत ते बसणार नाही, आणि बसवायचा प्रयत्न केलात तर शाहिरांच्या चित्रीकरणाचे पैसे त्यात जातील. त्याच्या जागी बेसी स्मिथचीच ‘डाउनहार्टेड ब्लूज’ ही १९२३ ची तबकडी ऐकून पाहा. गाणं अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन या दोघींचं, तबकडी १ जानेवारी २०२४ पासून मोकळी. किंवा मॅमी स्मिथचं १९२० सालचं ‘क्रेझी ब्लूज’, पेरी ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेलं. त्या तबकडीच्या खपामुळेच कंपन्यांना कृष्णवर्णीय श्रोता हा गिऱ्हाईक आहे असं पहिल्यांदा दिसलं आणि पुढची सगळी मुद्रणं झाली. तुमच्या विषयाला ती जॉन्सनपेक्षा जास्त जवळची आहे, असं मला मनापासून वाटतं. जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा प्रत्येक चित्रपटात असतेच.

‘फ्रँकी’ कुणा चांगल्या गिटारवाल्याकडून नव्याने गाऊन घ्या. गाणं मोकळं आहे, नवं मुद्रण तुमच्या मालकीचं होईल. गाणाऱ्याशी लेखी करार मात्र करा. हर्टचाच आवाज हवा असेल तर सोनीला विचारा किंवा १ जानेवारी २०२९ पर्यंत थांबा. ‘पो लॅझरस’ मात्र मुंबईच्या स्टुडिओत पुन्हा गाऊन घेऊ नका. कायद्याने ते बसेलही, पण सक्तमजुरीच्या कैद्यांच्या कुऱ्हाडींचा आवाज ठोकळ्यांवर आपटून तयार करायचा, हे तुमच्या चित्रपटाला शोभणार नाही. तिथे परवानगी मिळाली तर मुद्रण वापरा, नाही मिळाली तर निवेदनातून कार्टरची गोष्ट सांगा.

‘शैक्षणिक आहे, चालतं’ असं कुणी सांगेल, म्हणून थोडक्यात: अमेरिकेतली फेअर यूजची सवलत आणि आपल्या कॉपीराइट कायद्यातली कलम ५२ ची सवलत ही गाण्याबद्दल बोलण्यासाठी त्याचा तुकडा दाखवताना कामाला येते. दहा सेकंद ऐकवून त्यातल्या ओळीचं विश्लेषण केलंत तर बाजू भक्कम. नांगरलेल्या शेतावर पूर्ण कडवं वाजत ठेवलंत तर लंगडी. आणि तुमच्यासारख्याच कामात असलेल्या इतरांसाठी एक वाट: तबकडी १९७२ पूर्वीची आहे, बाजारात कुठेच मिळत नाही, वापर बिगरव्यावसायिक आहे, तर २०१८ च्याच कायद्यात तरतूद आहे. प्रामाणिकपणे शोध घ्यायचा, अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात सूचना दाखल करायची, ९० दिवस कुणी हरकत घेतली नाही तर वापरायचं. हे फक्त तबकडीपुरतं, गाण्याच्या हक्काला लागू नाही. विस्मरणात गेलेल्या गायकांवर काम करणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

शेवटी तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्रात चारही अमेरिकी गाण्यांची नावं, सालं आहेत. जलशातली जी गाणी तुम्ही चित्रित केलीत त्यांचा उल्लेख फक्त ‘आपली पारंपरिक भीमगीतं’ एवढाच आहे. त्यातली किती खरंच निनावी आहेत? वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव त्यांच्या नावाशिवाय गायली जातात. ते २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा आहे. इतर शाहिरांचं तसंच. आणि कॅमेऱ्यासमोर जे गायले त्यांना कलाकार म्हणून आपल्या कायद्यात ५० वर्षांचा स्वतंत्र हक्क आहे, नाव लावलं जाण्याचा हक्कही आहे. त्यांच्याकडून मराठीत, वाचून दाखवून, सही किंवा अंगठा घेतलात का? मानधन दिलंत का? चित्रपट यूट्यूबवर जाईल आणि त्यातून पैसे येऊ शकतात हे सांगितलंत का?

न्यूयॉर्कच्या उत्तराला वेळ लागेल. तोवर हे काम करा. प्रत्येक भीमगीताचा पहिला गाणारा, लिहिणारा कोण हे गावातल्या जुन्या जलसेकऱ्यांना विचारा. तीन-चार जणांना विचाराल तर बहुतेक वेळा नाव निघतं. त्याच तक्त्यात, त्याच दोन रकान्यांत ती गाणी लिहा, आणि श्रेयनामावलीत हँडी, हंटर, ऑस्टिन, कार्टर यांच्या ओळीतच शाहिरांची नावं लावा. वारस सापडले आणि शुल्क किती द्यायचं हे कळेना, तर अमेरिकी गाण्याला जो दर पडला तोच त्यांना द्या.